सहा सिलिंडरची पंगत

मी आयुष्यात एकही सिगारेट ओढलेली नाही, पण सत्तावीस वर्षं मी ॲश-ट्रे केले.

डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत (नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नव्हता) मी डॅशबोर्डमधल्या ॲश-ट्रेचा डिझाइन इंजिनियर होतो. हसू नका! चालत्या गाडीत ॲश-ट्रे एका बोटाने उघडला पाहिजे. खड्ड्यात गाडी आदळली तरी आपोआप उघडता कामा नये, खुळखुळता कामा नये. आणि बंद होताना खट्‌ असा आवाज न करता, घरात पाहुणे असताना सून जशी हळूच आत जाते तसा आत गेला पाहिजे. एवढ्यासाठी आत एक बारीक स्प्रिंग लागते. त्या एका स्प्रिंगवर मी चौदा महिने घालवले होते.

अडचण एवढीच होती की माझ्या सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझ्या बायकोचे, शैलाचे वडील, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात फोरमन होते. पंचक्रोशीत कुठलंही इंजिन बंद पडलं की लोक आधी अण्णांना बोलावत आणि मग देवाला नारळ बोलत. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या मामांनी त्यांना छाती फुगवून सांगितलं, "मुलगा अमेरिकेत मोटारींची इंजिनं बनवतो!" मी तेव्हा मिशिगनमध्ये शिकत होतो, नोकरी लागायची होती, आणि इंजिनंच बनवायची असं माझ्याही मनात होतं. म्हणून मी मान खाली घालून गप्प बसलो. (सगळ्यांना तो विनय वाटला.) पुढे नोकरी लागली ती ॲश-ट्रेच्या खात्यात. शैलाने दोन दिवस विचार करून वडिलांना पत्र लिहिलं, 'ह्यांना मोटार कंपनीत नोकरी लागली. काम ज्वलनाशी संबंधित आहे.' यातला एकही शब्द खोटा म्हणून दाखवा!

या ज्वलनावर आम्ही नऊ वर्षं काढली. मग चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये नोव्हाय गावातल्या आमच्या घरी अण्णांचा निळा एरोग्राम आला.

'चि. सौ. शैलास अनेक आशीर्वाद. जूनअखेर तिकडे येत आहे. तुझी आई विमानाला भिते, ती येणार नाही. मला नायगारा वगैरे दाखवू नये, पाणी मी पुष्कळ पाहिले आहे. जावईबापूंनी केलेले एखादे इंजिन चालू स्थितीत ऐकावे, एवढीच इच्छा आहे.'

"आता?" मी विचारलं.

"आता सांगून टाका खरं."

"मी? पत्र तू लिहिलंस. ज्वलन तुझं!"

"आणि गप्प कोण बसलं होतं? मान कोणी खाली घातली होती?" शैला म्हणाली. "अहो, अण्णांनी कारखान्यात पेढे वाटलेत तुमच्या इंजिनाचे! आता काय सांगायचं त्यांनी तिथे? पेढे परत द्या?"

मला अण्णांची भीती वाटत नव्हती. ते कधी आवाज चढवून बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. मला भीती होती ती त्यांच्या चेहऱ्याची. ज्या चेहऱ्याने ते मला लग्नानंतर स्टेशनवर पोचवायला आले होते आणि हमालाला म्हणाले होते, "बॅग जपून हं, इंजिनवाले साहेब आहेत," तो चेहरा माझ्यासमोर उतरलेला मला बघायचा नव्हता.

"तीन महिने आहेत," मी म्हणालो. "तीन महिन्यांत इंजिन करून दाखवतो."

"तुम्ही?"

"नवं नाही. जुनं घ्यायचं आणि त्यात सुधारणा करायची. मग 'हे मी केलं' म्हणायला काय हरकत आहे?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. सेलमध्ये घेतलेल्या आणि परत न करता येणाऱ्या वस्तूंकडे ती तसं बघते.

आमच्या समोरच्या घरात डॉरथी नावाच्या पंचाहत्तरीच्या बाई एकट्या राहत. त्यांच्या गॅरेजमध्ये त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, हॅरल्डची, तीस वर्षांपूर्वीची गाडी चादर पांघरून उभी होती. रंग वाटाण्याच्या उसळीचा, वजन रोडरोलरचं आणि आत एका सरळ रांगेत सहा सिलिंडर. मी भीत भीत विचारलं, तर बाई एकदम खूश!

"घेऊन जा, हनी!" (डॉरथीबाई सगळ्यांनाच हनी म्हणत. पोस्टमनलासुद्धा.) "अट एकच. नीट चालायला लागली की पहिली लांब चक्कर मला. हॅरल्डने मला ताशी तीस मैलांच्या वर कधी नेलं नाही. म्हणायचा, इंजिनाला त्रास होतो."

त्या इंजिनाचं दुखणं कुठल्याही मराठी माणसाच्या चटकन लक्षात यावं असं होतं. सहाजणांची पंगत आणि वाढपी एक! हवेत पेट्रोल कालवून वाढणारा कार्बोरेटर बरोब्बर मधोमध उभा. मधले दोघं पोट फुटेस्तोवर जेवतात आणि वाढपी कडेच्यांपर्यंत पोचतो तोवर पातेलं रिकामं. त्यात वाढप्याची वाट, म्हणजे ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात तो पाइप, अरुंद, वाकडा आणि आतून खडबडीत. मी ग्राफ पेपरवर आकडे मांडले आणि ठरवलं, की वाढपी तीन करायचे, दोघांमागे एक, आणि वाट आतून तुळतुळीत करायची. जुन्या सामानाच्या यार्डात हिंडून मी तीन कार्बोरेटर आणि ते तिन्ही बसतील असा मॅनिफोल्ड पैदा केला.

वाट तुळतुळीत करायला बाजारात हत्यारं मिळतात. पण एक तर ती सरळ, आणि शिवाय घरात इतकं साहित्य असताना बाजारात कशाला जायचं? ताकाच्या रवीच्या दांड्याला सँडपेपर गुंडाळला की ती वळणात नेमकी शिरते, हा शोध माझा. सरळ भागासाठी लाटणं.

"अहो, माझं लाटणं बघितलंत?"

"आत आहे."

"कशाच्या आत?"

"मॅनिफोल्डच्या. अडकलंय."

त्या आठवड्यात शैलाने व्हिनेगरच्या बाटलीने पोळ्या लाटल्या आणि माझ्या ताटात त्या वाढल्या नाहीत, आपटल्या!

आता तीन कार्बोरेटर म्हणजे तीन झडपा आल्या. पाय दाबला की तिन्ही एकदम उघडल्या पाहिजेत, पाय काढला की तिन्ही एकदम मिटल्या पाहिजेत. मी तिघींना एका सळीत ओवलं. मिटायला स्प्रिंग हवी होती. आता मला सांगा, स्प्रिंग म्हटल्यावर मी आणखी कुणाकडे बघणार? ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या खणात नमुन्याच्या स्प्रिंगा पडलेल्या होत्याच. चौदा महिन्यांची तपश्चर्या! मी तीन आणल्या आणि लावल्या. झडपा इतक्या अदबीने मिटू लागल्या की बघत राहावं.

जूनअखेर अण्णा आले. पांढरा लेंगा, काळा कोट, टोपी आणि जेवणानंतर वेलदोडा चघळायची सवय. एअरपोर्टवरून येताना ते माझ्या रोजच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. वेलदोड्याचं साल टाकायला त्यांनी ॲश-ट्रे उघडला. एका बोटाने. बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. घर येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

"काय बघताय, अण्णा?" मागून शैलाने विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले. "इंजिन कधी दाखवताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडलं. अण्णांचं इंग्रजी नव्वद टक्के स्पेअर पार्टांचं होतं, त्यामुळे भाषेचा काही प्रश्न नव्हता. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, सगळ्या अंगाने थरथरलं, मागून काळा धूर सोडला आणि बंद पडलं. दहा वेळा किल्ली फिरवली. दहाही वेळा तेच.

"तीन वाढपी केलेत," मी पंगतीची थिअरी समजावून सांगितल्यावर अण्णा म्हणाले. "चांगलं केलंत. पण तिघं एका वेळी वाढायला निघाले पाहिजेत की! हा भात घेऊन पोचलाय आणि तो अजून मीठच वाढतोय."

"तेच जुळवणार होतो आता मी," मी म्हणालो. (तीन आठवडे मी तेच जुळवत होतो!)

अण्णांनी बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा मागितला. मला पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायला लावून त्यांनी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. हवेचा सुस्कारा ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुढच्याकडे जायचं. पंधरा मिनिटांत इंजिन असं चालायला लागलं की अण्णांनी त्यावर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि पाणी हललं नाही.

"ऑफिसात कसं जुळवता हे?" त्यांनी सहज विचारलं.

"ऑफिसात... त्याला मशीन असतं."

"असेल. तिथल्यांना ऐकू येत नसेल." मग त्यांनी मी आधी सराव म्हणून घासलेला यार्डातला एक पाइप उचलला आणि माझ्या रवीने घासलेल्या भागावरून बोट फिरवलं. "हे मात्र लोणी आहे. हे तुम्ही हाताने केलंत?"

"हो," मी म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी पूर्ण खरं बोललो होतो, आणि मला इतका आनंद झाला की पुढचं खरं बोलायचं राहूनच गेलं.

"ह्या स्प्रिंगा तेवढ्या नाजूक वाटतात," अण्णा म्हणाले.

"नव्या टेक्नॉलॉजीच्या आहेत."

"असं होय!" म्हणून त्यांनी फुलपात्र उचलून घेतलं. आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीला ते हसत नसत. तो गुण मला कधीच जमला नाही.

जुलैत महाराष्ट्र मंडळाची पिकनिक होती. घरापासून अकरा मैलांवर तळ्याकाठचा पार्क, साठ माणसं आणि श्रीखंड आमच्याकडे. एरवी अमेरिकेत आम्ही सगळ्याजणी (हे शैलाचं वाक्य) सावर क्रीममध्ये साखर घालून त्याला श्रीखंड म्हणतो आणि कोणी कोणाला काही बोलत नाही. पण वडील आलेले असताना शैला कुठली ऐकतेय! तिने घरी विरजण लावलं. एवढ्या दह्याचा चक्का नळाला टांगता येईना, म्हणून तीन गाठोडी गॅरेजच्या दाराच्या वरच्या दांडीला टांगली. दोन दिवस माझ्या इंजिनाच्या शेजारी पाणी ठिबकत होतं. पिकनिकच्या सकाळी श्रीखंड तयार होऊन स्टीलच्या मोठ्या डब्यात गेलं आणि तीन मऊसूत फडकी धुऊन त्याच दांडीवर वाळत पडली.

आणि नेमकं तेव्हा माझ्या लक्षात आलं की कार्बोरेटरची तोंडं उघडी आहेत. विकतचे फिल्टर लावले तर बॉनेट बंद होत नव्हतं. आणि पार्कचा शेवटचा मैलभर रस्ता मातीचा.

"उघड्या तोंडाने धुळीत जाऊ नये," अण्णा म्हणाले. "नदीवरच्या पंपांना आम्ही फडकं बांधायचो."

मी वर बघितलं. तीन कार्बोरेटर. तीन फडकी. असा योग पत्रिकेतसुद्धा जुळत नाही!

"पण आधी जाळी लावा आणि मग वरून फडकं," अण्णा पुढे म्हणाले. "नुसतं लावलं तर ओढून घेईल ते. चहाची गाळणीसुद्धा चालेल."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यात नको तिथे गप्प बसणाऱ्या माणसाने हवं तिथे बोलावं, हा केवढा दैवदुर्विलास!

"अण्णा, जाळीने हवेला अडथळा होतो. तीन महिने मी हवेची वाट मोकळी केली ती काय गाळणी लावायला? मी गणित केलंय. फडकं घट्ट बांधलं की झालं."

"किती घट्ट?"

"चक्क्याइतकं."

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "गणित केलंय म्हणता, तर ठीक आहे," ते म्हणाले आणि टोपी आणायला आत गेले.

मी तिन्ही तोंडांना फडकी बांधली, सुतळीने, चक्क्याची मारतात तशी गाठ मारून. पुढे माझ्या शेजारी अण्णा. मागे हॅट आणि पांढरे हातमोजे घातलेल्या डॉरथीबाई, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर साठ माणसांचं श्रीखंड घेतलेली शैला. निघालो! ताशी पंचवीस मैल. तीस मैल. इंजिन लोण्यासारखं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते आणि मान डोलवत होते. तीन महिन्यांत मी एवढा सुखी झालो नव्हतो.

"पस्तीस!" डॉरथीबाई ओरडल्या. "फास्टर, हनी!"

समोर एक ट्रॅक्टर आला. त्याला मागे टाकायला मी पाय पूर्ण दाबला. बॉनेटखालून आवाज आला, स्स्सुर्र्रप! लहान मूल शेवया ओढून घेतं ना, अगदी तसा. अण्णांनी डोळे उघडले.

ट्रॅक्टर मागे पडला. मी पाय काढला. गाडीने माझ्या पायाची दखल घेतली नाही.

"अहो, हळू!" शैला.

"पाय काढलाय!"

"मग पळतेय का?"

"फ्लो सुधारलाय!"

झालं होतं असं, की एका कार्बोरेटरने आपलं फडकं गिळलं होतं आणि ते त्याच्या झडपेत अडकलं होतं. एक झडप उघडी राहिली म्हणजे सळीत ओवलेल्या बाकीच्या दोघीही उघड्या. आणि त्यांना मिटवायचं काम कुणाकडे? तर माझ्या तीन अदबशीर स्प्रिंगांकडे! त्या बिचाऱ्या ॲश-ट्रेच्या घरातल्या. जोर लावणं त्यांच्या संस्कारात नव्हतं.

"पंचेचाळीस!" डॉरथीबाई आकडे मोजत होत्या. "पन्नास! हॅरल्ड, बघतोयस ना?"

मी ब्रेक दाबला. पण हॅरल्ड तीसच्या वर कधी गेलेला नसल्यामुळे ब्रेकना त्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसता जळका वास दिला. पार्कचं वळण आलं. मी गाडी वळवली की गाडीने मला वळवलं ते आता आठवत नाही. मातीचा रस्ता, धुळीचे लोट, आणि समोर, झाडांखाली टेबलं मांडून बसलेलं अख्खं महाराष्ट्र मंडळ!

"जावईबापू," अण्णा शांतपणे म्हणाले. "किल्ली."

"काय?"

"किल्ली फिरवा."

मी वायपर लावले.

मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या दोन पदव्या आहेत माझ्याकडे. दोन्ही फ्रेम करून लावल्यात. अण्णांनी हात पुढे केला आणि किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. आत उरलेलं पेट्रोल मागच्या नळीतून एकदम 'धडाम्' करून बाहेर पडलं, तळ्यातली सगळी बदकं उडाली, आणि गाडी गवतावरून आपल्या वजनाने घरंगळत जाऊन बटाटेवड्यांच्या टेबलापासून तीन हातांवर उभी राहिली. गाडी थांबली, पण श्रीखंड थांबलं नाही. डब्याचं झाकण उडालं आणि पंधरा-वीस माणसांचा वाटा माझ्या मानेवर आणि अण्णांच्या टोपीवर येऊन बसला.

अण्णांनी टोपी काढली, तिच्यावरून एक बोट फिरवलं आणि चाटलं.

"साखर कमी पडली, शैला," ते म्हणाले. (शेवटी माणूस साखर कारखान्याचा!)

"अगेन!" डॉरथीबाई उतरता उतरता म्हणाल्या.

लोक जमले. अण्णांनी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फडकं ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं, येतच राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी सगळं बाहेर आल्यावर त्यांनी ते उन्हात धरून बघितलं.

"हे तर माझं धोतर!"

"जुनं होतं, अण्णा," शैला पुटपुटली. "चक्क्याला मऊ पडतं म्हणून मी लग्नानंतर येताना फाडून आणलं होतं."

मंडळाचे अध्यक्ष गोडबोले काका पुढे आले. या काकांना मी काय काम करतो ते नीट माहीत होतं. तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. गोडबोले काकांनी एकदा माझ्या मानेकडे, एकदा इंजिनाकडे बघितलं आणि तोंड उघडलं, "काय रे, तू इंजिनाला हात—"

"चूक माझी झाली," अण्णा मध्येच म्हणाले. "फडकं बांधा म्हणून मीच सांगितलं. जावयांचं गणित वेगळं होतं. म्हाताऱ्याचं ऐकलं, मान ठेवला, म्हणून हे झालं."

साठ माणसांसमोर! ज्या माणसाच्या शब्दावर सांगलीकडची इंजिनं चालत, तो माणूस माझ्यासाठी अडाणी ठरायला तयार झाला. माझ्या मानेवरून श्रीखंड शर्टाच्या आत उतरत होतं आणि मला रडू येत होतं. लोकांना वाटलं, गाडीसाठी. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला खरं सांगितल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

पण ठरवणं वेगळं. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी तिन्ही तोंडांना चहाच्या गाळण्या बसवल्या (शैलाच्या तीनही), हार्डवेअरच्या दुकानातून दणकट स्प्रिंगा आणून लावल्या, ब्रेक नवे घातले, आणि गाडी जी चालली ती चाललीच. दर रविवारी ते आणि मी डॉरथीबाईंना लांब फिरवून आणत असू. तेवढ्या आनंदात खरं कोण बोलणार? सप्टेंबर संपत आला. अण्णा परत निघाले.

एअरपोर्टला जाताना ते पुन्हा माझ्या रोजच्या गाडीत पुढच्या सीटवर होते. वेलदोड्याचं साल. एका बोटाने ॲश-ट्रे उघडला, बंद केला.

"तीन महिने बघतोय मी हे," ते म्हणाले. "खुळखुळत नाही, आपटत नाही. बोट लावलं की येतं, सोडलं की जातं. साधी वस्तू, पण ज्याने केली त्याला काम कळतं, बघा."

मागून शैलाने माझ्या सीटला ढोसलं.

"अण्णा, ते मी केलंय."

"काय?"

"हा ॲश-ट्रे. मी इंजिनं करत नाही. कधीच केली नाहीत. नऊ वर्षं मी हेच करतोय. ही आतली स्प्रिंग माझी आहे."

अण्णांनी ॲश-ट्रे पूर्ण बाहेर ओढला, चष्मा वर करून आत वाकून बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. जे बघायची मला नऊ वर्षं भीती होती ते आता बघायला मिळणार म्हणून मी रस्त्यावर डोळे गाडले.

"अस्सं!" अण्णा म्हणाले. "म्हणजे त्या बिचाऱ्याच्या ॲश-ट्रेमधल्या स्प्रिंगा काढून तुम्ही इंजिनाला लावल्या होत्या! तरीच!"

"नाही अण्णा, म्हणजे हो, पण तो बिचारा म्हणजे मीच—"

"जावईबापू," त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "त्या दिवशी फजिती झाली, ती झाली. कोणाची होत नाही? पण म्हणून दुसऱ्याच्या चांगल्या कामाला आपलं नाव लावू नये. ज्याने हे केलंय त्याला माझा नमस्कार सांगा."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी स्वतःलाच त्यांचा नमस्कार सांगितला.

शैलाला काही चैन पडेना. तिने चार पानी पत्र लिहिलं. लग्न, मामा, विनय, ज्वलन, सगळं पहिल्यापासून, आणि शेवटी स्वच्छ अक्षरात, 'हे खरोखर ॲश-ट्रेच करतात.' महिन्याभराने निळा एरोग्राम आला. या वेळी तो माझ्या नावाने होता.

'चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. सौ. शैलाच्या पत्रावरून सर्व समजले. पोरगी नवऱ्याची बाजू सावरून लिहिते, ते योग्यच आहे. परंतु श्रीखंडाच्या प्रकारावरून ऑफिसने तुम्हांला इंजिनावरून काढून ॲश-ट्रेवर टाकावे, हे वाचून फार वाईट वाटले. त्यांना ते कोणी कळवले? गोडबोले काय? असो. धीर सोडू नये. कुठलेही काम हलके नसते. मन लावून काम करावे, म्हणजे पुन्हा इंजिनावर घेतील.'

मी रिटायर होईपर्यंत मन लावून काम केलं. घेतलं नाही.